टाकीतली लाट

निहिराच्या ताटाला वळसा घालून तेलगाडी वरणाच्या वाटीमागे दिसेनाशी झाली, तशी ती घास हातात धरूनच ओरडली, "नाना, गाडी पडली!"

"पडायला काय झालं? बोगद्यात आहे," नाना म्हणाले. "तू घास गिळ, की येते बाहेर."

"लबाडी करता तुम्ही. माझ्या घासावर चालते का गाडी?"

"मग कशावर चालणार? डिझेल मिळतं का आता कुठं?"

सगळे हसले. तेजलही हसली, पण तिचं लक्ष लेकीच्या, निहिराच्या चष्म्याची दांडी कानामागे रुतते आहे का, इकडे होतं.

ती गाडी टेबलावर होती आणि नव्हतीही. 'छोटी लाईन' या खेळाचा चष्मा डोळ्यांवर चढवला की टेबलभर रूळ उमटायचे. तापीचा पूल, केळीच्या बागा, तेल डेपोकडे फुटणारी साईडिंग, आणि या सगळ्यातून वाट काढत जाणारी चारचाकी काळ्या टाक्यांची जुनी मालगाडी. टाक्यांच्या पोटावरून ओघळलेल्या तेलाचे डागसुद्धा तेजलच्या सासऱ्यांनी एकेक करून रंगवले होते. लीलाधर फेगडे, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे नाना, भुसावळ विभागात उभी हयात ड्रायव्हर होते. आता मालगाड्यांना ड्रायव्हर लागत नव्हता. त्या कुठल्याशा थंडगार हॉलमधून चालवल्या जात. आणि तेलगाड्या तर संपल्याच होत्या. रस्त्यावर सगळी वाहनं विजेची, उरलंसुरलं तेल जमिनीखालच्या नळातून. म्हणून जगभरातले हौशी लोक नानांच्या टेबलावर चष्म्यातूनच गाड्या घेऊन यायचे. कुणी पोलंडचा, कुणी कोचीचा. मोडक्यातोडक्या इंग्रजीत नाना त्यांना साईडिंगला उभं करून ठेवायचे.

या सगळ्यात खरीखुरी वस्तू एकच होती, नानांच्या उजव्या हाताशी टेबलाला आवळलेली ब्रेकची दांडी. टाक्यांतलं तेल हिंदकळलं की ती दांडी हाताला ढोसायची. निहिराला ते फार आवडायचं. "नाना, तिला उचकी लागली," ती म्हणायची.

तेलाची टाकी काठोकाठ भरत नाहीत. उन्हानं तेल फुगतं, म्हणून वर थोडी जागा सोडावी लागते. भुसावळच्या मे महिन्यात ती जागा किती मोलाची, हे भुसावळकराला सांगायला नको. पण त्या मोकळ्या जागेमुळेच आतलं तेल खेळतं. ब्रेक लागला की ते पुढे धावतं, पुढच्या भिंतीवर आपटतं आणि मागे फिरतं. गाडी थांबत आली असं वाटावं, तोच दुसरा धक्का. जुन्या टाक्यांत ही लाट अडवायला आडवे पत्रेही नसत. म्हणून तेलगाडीचा ड्रायव्हर ब्रेक एकदम ओढत नसे. थोडा लावायचा, सोडायचा, लाट जाऊन परत यायची वाट बघायची आणि ती आली की तिच्या अंगावर पुन्हा ब्रेक द्यायचा. "लाट दिसत नाही कधी," नाना सांगायचे. "पोटात धरून ठेवावी लागते."

तेजलला हे ऐकायला आवडे. न दिसणाऱ्या गोष्टी पोटात धरून ठेवणं तिला चांगलंच जमत होतं. निहिराला साधी सर्दी झाली तरी ती झोपेत तिचे श्वास ऐकत बसायची. नोकरीही तिला अशीच मिळाली होती. केळी पिकवायच्या शीतगृहात ती तपासनीस होती, आणि हजारो घडांतलं एखादं आतून काळं पडू लागलेलं केळं तिला वासानं कळायचं.

तिथेच, घडांच्या रांगांमधे उभी असताना, 'छोटी लाईन'च्या कंपनीचा निरोप तिच्या फोनवर आला. नानांचं खातं तिनंच आपल्या नंबरवर उघडून दिलं होतं.

दांडीवरचा प्रत्येक दाब कंपनीकडे जमा होत असे. सुरुवातीला हेतू साधा होता. माणसागणिक हाताची ताकद वेगळी, तेव्हा दांडीनं ज्याच्या त्याच्या हाताला जुळवून घ्यावं, एवढाच. पण मेंदूच्या डॉक्टरांना त्या साठ्यात काही वेगळंच सापडलं. लाटेची वाट बघणं ही दिसते तेवढी सोपी गोष्ट नव्हती. क्षणापूर्वी आपण काय केलं ते ध्यानात ठेवायचं, डोळ्यांना न दिसणारं तेल आता कुठवर आलं असेल याचा अंदाज करायचा आणि तोवर हात आवरून धरायचा, हे सगळं मेंदू एकाच वेळी करतो. विस्मरणाचा आजार सुरू होतो तेव्हा नावं आणि चेहरे जाण्याच्या कितीतरी आधी ही जुळणी सैल पडते. माणूस बोलतो, हसतो, भाजीवाल्याशी घासाघीस करतो, कुणाला पत्ता लागत नाही. फक्त तेलगाडीचा त्याचा ब्रेक किंचित लवकर पडतो. हात लाट विसरलेला असतो. खेळात प्रवासी गाड्या चालवणाऱ्यांत हे दिसत नसे. तेलगाडीवाल्यांतच दिसे.

"या खात्यावरच्या हाताला लाटेचा विसर पडू लागला आहे," निरोपात लिहिलं होतं. "दुपारच्या फेऱ्यांत हे ठळकपणे दिसतं. तज्ज्ञांना दाखवावं. हे निदान नाही."

'हे निदान नाही' हे शेवटचं वाक्य तेजलनं पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी तिची भीती वाढत गेली. कारण याच हातात स्कूटरचं हँडल असायचं. रोज सकाळी निहिरा त्या स्कूटरवर पुढे उभी राहून, हायवे ओलांडून, बालवाडीत जायची.

*

"गेमवाल्यांच्या मेसेजवरून माझ्या बापाला खुळं ठरवतेस?" हर्षलनं बूटही काढले नव्हते. तो मनमाडला रोज अप-डाऊन करायचा आणि घरी येईपर्यंत त्याच्या अंगात बोलायचंही त्राण नसायचं.

"खुळं कोण म्हणालं? हळू बोल. मी इतकंच म्हणते, की डॉक्टरला दाखवू."

"दाखव. पण तोवर त्यांना काही बोलू नकोस. जीव जाईल त्यांचा. नातीला सोडायला जातात म्हणून इस्त्रीचा शर्ट घालतात ते."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग डॉक्टरचा नंबर लागेपर्यंत रोज निहू त्या स्कूटरवर उभी राहणार, हर्षल. तू मनमाडला असशील. मी केळ्यांत असेन."

हर्षलनं बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

डॉक्टरचा नंबर लवकर लागतही नव्हता. असे निरोप सुटल्यापासून जळगावच्या दवाखान्यात म्हाताऱ्या हौशी लोकांची रांग लागली होती. पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली, तीही ओळखीनं.

त्यानंतर तेजल नानांवर नजर ठेवू लागली. एकदा नजर ठेवायची म्हटली की काय दिसत नाही? नाना चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत. पेपरातली बातमी दोनदा वाचून दाखवत. निहिराला हाक मारायला जाऊन हर्षलचं नाव घेत. हे सगळं ते पूर्वीपासून करत होते, पण आता त्यातली प्रत्येक गोष्ट ती मोजत होती. सासूबाईंनी मात्र त्याच आठवड्यात भरताची वांगी गॅसवर भाजायला ठेवून पार कोळसा केली, तेव्हा तेजलच म्हणाली, "दमता हो आई तुम्ही. मी करत जाईन संध्याकाळचं."

"दमायला काय झालं मला?" प्रमिलाबाई हसल्या. "गप्पांत राहिलं, बापा."

*

अखेर तेजलनंच नानांना गच्चीवर गाठलं. ते वाळत घातलेले केळीचे वेफर्स उन्हातून सावलीत ओढत होते. तिनं निरोप उघडून फोन पुढे केला.

नानांनी सावकाश वाचलं. मग विचारलं, "दुपारच्या फेऱ्या म्हणतात?"

"हो."

"संध्याकाळच्या नाही?"

"संध्याकाळी तुम्ही निहूसाठी नुसती गोल फिरवता. ब्रेकचा प्रश्नच येत नाही. नाना, मला तुम्हाला दुखवायचं नाही. पण…"

त्यांनी वेफर्सची चादर सावलीत आणखी थोडी ओढली. त्यांच्या चेहऱ्यावर तेजलला राग दिसला नाही, लाजही दिसली नाही. एखादी गोष्ट शेवटी समजावी आणि समजली नसती तर बरं, असं वाटावं, तसं काहीतरी दिसलं. तेव्हा तिनं ते नीट वाचलं नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हात माझाच आहे. दुपारी जरा सुस्ती येते."

"डॉक्टरांची तारीख घेतली आहे. तोवर निहूला…"

"तोवर मी सोडत नाही निहूला." त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "एक कर. तुझ्या सासूला यातलं काही सांगू नको. गुडघा दुखतो म्हणून सोडत नाही, असं मी सांगीन तिला."

सांगायला आली होती तेव्हा तेजलला वाटलं होतं, भांडण होईल. हे इतकं सरळ झालं म्हणून तिचे डोळे भरून आले. "तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात, नाना," ती म्हणाली. नाना वाकून वेफर्स गोळा करत राहिले.

*

दुसऱ्या दिवसापासून प्रमिलाबाई निहिराला बालवाडीत सोडू-आणू लागल्या. पायी, भुयारी रस्त्यानं. तेजलच्या मनावरचं ओझं उतरलं. हात घट्ट धरून चालणारी आजी, वेगही नाही, हँडलही नाही. घरी दुपारची तेलगाडी नानांनी बंद केली. प्रमिलाबाईंनी विचारलं, "अहो, आज डेपोत नाही का जायचं?" तेव्हा "दांडी बिघडलीय" म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

पण नाना घरी बसत नव्हते. आजी-नात निघाल्या की थोड्या वेळानं तेही निघायचे. लांबून, दुकानांच्या आडोशानं त्यांच्या मागे जायचे. निहिरानं हे शोधून काढलंच.

"आई, आज नाना पानाच्या टपरीमागे लपले होते. मी पळत जाऊन पकडलं!"

"पळत? रस्त्यातून?"

"हो! आजी ओरडली."

तेजलनं हातातलं काम टाकलं. ती तशीच नानांकडे गेली. "नाना, मागून जाऊ नका हो त्यांच्या. तुम्ही दिसलात की ती आजीचा हात सोडून पळते. मला समजतं तुम्हाला करमत नाही, पण…"

"मी दिसणार नाही, असा जाईन."

"नाही, नाना. प्लीज. एवढं ऐका माझं."

नानांनी तोंड उघडलं. स्वयंपाकघरातून प्रमिलाबाईंचं गुणगुणणं ऐकू येत होतं, मिक्सरच्या आवाजावर चढलेलं. नानांनी तोंड मिटलं. "बरं," ते म्हणाले.

*

मग एके दिवशी शीतगृहात वीज गेली आणि तेजल दुपारीच घरी आली. नाना ओट्यावर बसले होते. फाटकाकडे बघत होते. थोड्या वेळात प्रमिलाबाई आल्या. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी.

"ताजी होती म्हणून घेतली," त्या म्हणाल्या. "अगं, तू लवकर आलीस आज?"

तेजल त्यांच्या मागे बघत होती. फाटक हलून हलून थांबलं.

"आई, निहू कुठंय?"

"निहू?" प्रमिलाबाईंनी तेजलच्या आसपास पाहिलं, सहज, एखादी वाटी शोधावी तसं. "तुझ्याकडेच नाही का? तू आणलीस ना तिला?"

पुढचं तेजलला नंतर तुकड्यांनीच आठवायचं. ती पायात काही न घालता फाटकाबाहेर पळाली. तिच्या पुढे नाना होते. दुखऱ्या गुडघ्याचं ढोंग विसरून ते धावत होते, आणि धावता धावता ओरडत होते, "तू बालवाडीकडे जा! मी बाजारातून जातो!" बालवाडीच्या दाराला कुलूप होतं. भुयारी रस्त्यात विजेच्या रिक्षांचा निःशब्द लोंढा. पूर्वी गाडी येताना आवाज तरी यायचा. आता चार वर्षांच्या पोराला मागून काय येतं आहे ते कळायचंसुद्धा नाही. तेजल प्रत्येकाला विचारत सुटली. पिवळा फ्रॉक. दोन शेंड्या. कुणी पाहिलं नव्हतं.

निहिरा सापडली पिठाच्या गिरणीत. वजनकाट्यावर बसली होती, नाकाला पीठ लागलेलं. गिरणीवाला म्हणाला, "बाई म्हणाल्या, इथं बसव, कोथिंबीर घेऊन आलेच. मी बसवून ठेवली. रडायला लागली तेव्हा गूळ दिला. आता दळण बंद करून पोलिसांकडेच न्यायला निघालो होतो."

"आजी आलीच नाही," निहिरा म्हणाली. तिच्या गालावर पिठातून ओघळ उमटले होते. तेजलनं तिला इतकं घट्ट धरलं, की ती म्हणाली, "आई, लागतंय."

नाना गिरणीच्या दारात पोचले. चौकटीला धरून उभे राहिले. त्यांना धाप लागली होती.

"तेजल," ते म्हणाले, "दुपारची गाडी मी चालवत नव्हतो."

"काय?"

"तुझी सासू चालवायची. खूप दिवस झाले. जेवणं झाली, निहू झोपली, की आम्ही बसायचो. मी सिग्नल बोलायचो, ती दांडी धरायची. मी लाईनवर असताना ती उभा जन्म डबा भरून वाट बघत बसली. एकदा गंमत म्हणून दांडी हातात दिली, तर म्हणाली, 'माय वं, एवढं जड ओढत होतात तुम्ही?' मग सोडेचना. माझ्यापेक्षा चांगला ब्रेक लागायचा तिचा. सुरुवातीला."

तेजलला ऐकू येत होतं, समजत नव्हतं. मग एकदम सगळं समजलं. कोळसा झालेली वांगी. गच्चीवरचा तो चेहरा. टपरीमागे लपणं.

"तुम्हाला माहीत होतं."

"तू फोन दाखवलास तेव्हा कळलं. त्याआधी नुसता संशय होता. ब्रेक चुकला की ती म्हणायची, दांडीच खराब आहे."

"आणि तुम्ही म्हणालात, हात माझा आहे."

"गाडी ड्रायव्हरच्या नावावर असते," नाना म्हणाले. हे ते समजावून सांगत नव्हते. त्यांना तेवढंच माहीत होतं, असं ते बोलले. "सपाट मुलखात ड्रायव्हर असिस्टंटच्या हातात दांडी देतो, शिकायला. पण काही झालं तर चालवत कोण होतं? ड्रायव्हर. साहेबांनी चौकशीला उभं केलं तरी आम्ही दुसरं नाव घेत नसू. घेणाऱ्याबरोबर कुणी डबासुद्धा खात नसे. माझ्या तोंडून तिचं नाव निघालंच नाही गं."

"नाना, ती मालगाडी होती!" तेजलचा आवाज गिरणीत घुमला. "ही माझी मुलगी आहे. तुम्ही आईंचं नाव झाकलंत आणि निहूचा हात त्यांच्या हातात दिलात?"

"मी मागं जात होतो…"

"आणि मी जाऊ नका म्हटलं, तेव्हा? तेव्हा तरी?"

"तेव्हा बोलायला पाहिजे होतं." त्यांनी चौकट सोडली आणि पुन्हा धरली. "रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. आणि ती गुणगुणत चहा आणून द्यायची."

गिरणीवाला उगाच चाळणी झटकत राहिला. तेजलला नानांना आणखी बोलायचं होतं, पुष्कळ बोलायचं होतं. पण निहिरा तिच्या खांद्यावरून वाकून नानांच्या शर्टाचं बटण ओढत होती.

"घरी चला," ती म्हणाली.

*

घरी प्रमिलाबाई दारातच होत्या. निहिराला पाहून त्यांनी तिला जवळ ओढलं, तोंडावरचं पीठ पदरानं पुसलं. "कुठं गेली होतीस गं? आम्ही किती शोधलं!"

निहिरानं आईकडे पाहिलं. चार वर्षांच्या पोरीनं एका मोठ्या माणसाला सांभाळून घेण्यासाठी गप्प राहावं, हे तेजलला त्या क्षणी सहन झालं नाही. एकानं गप्प राहून बघितलं होतंच.

संध्याकाळी हर्षल आला. त्याला ओट्यावरच तिनं सगळं सांगितलं. तो पायरीवर बसून राहिला. नाना बाहेर येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "तेजल, तुझ्या सासूला नको सांगू. आता आपण सगळे लक्ष ठेवू. तारीख तिच्या नावावर करू, पण तिला काहीतरी दुसरंच सांगू. बीपीचं वगैरे."

"नाही."

"तुला कळत नाही. ती मोडून जाईल."

"तुम्ही त्यांना न विचारता ठरवलंत, नाना. मीही तुमच्याबद्दल हर्षलशी आधी बोलले, मग तुमच्याशी. हे बास झालं आता." तिनं घराच्या दाराकडे बोट केलं. "उद्या त्या गॅस चालू ठेवतील आणि त्यांना वाटेल, दुसऱ्या कुणी ठेवला. त्यांच्या डोक्यात काय होतंय हे त्यांनाच ठाऊक नसेल, तर त्या स्वतःला सावरणार कशा?"

नानांनी हर्षलकडे पाहिलं. हर्षल म्हणाला, "सांगू द्या तिला."

तेजलनं टेबल पुसलं. दांडी आवळली. फोनवर नवं खातं उघडलं आणि मोठ्यानं विचारलं, "आई, तुमचं पूर्ण नाव टाकते. प्रमिला लीलाधर फेगडे. बरोबर?"

प्रमिलाबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी दांडीकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारख्या हसल्या. "सांगितलंत वाटतं तिला?"

"बसा," तेजल म्हणाली. "आज तुमच्या नावानं चालवा. आम्ही बघतो."

सगळ्यांनी चष्मे लावले. डेपोतून काळ्या टाक्यांची रांग निघाली, पूल ओलांडून केळीच्या बागांमधून वळली. प्रमिलाबाई ताठ बसल्या होत्या. चेहरा उजळला होता. नानांनी सिग्नल बोलायला सुरुवात केली. "पिवळा." "पिवळा," प्रमिलाबाईंनी प्रतिसाद दिला आणि दांडी ओढली. सोडली. आणि लगेच पुन्हा ओढली.

लाट अजून परतायची होती. ती परतली तेव्हा दांडीनं त्यांच्या हाताला जोरात ढोसलं, गाडीच्या मधोमध एक कडी तुटली आणि मागच्या टाक्या एकामागून एक रुळावरून घसरून निहिराच्या रिकाम्या ताटाजवळ आडव्या झाल्या.

"दांडीच खराब आहे ही," प्रमिलाबाई म्हणाल्या.

तेजल उठली, त्यांच्या शेजारी बसली आणि दांडी आपल्या हातात घेतली. तिनं आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. ब्रेक लावला, सोडला. "आता ती पुढे गेली," ती हळू म्हणाली. "आता परत येते आहे. आली." तिनं पुन्हा ब्रेक दिला. उरलेली अर्धी गाडी जरा हिसके खात, पण उभी राहिली.

"दांडी चांगली आहे, आई."

मग तिनं सगळं सांगितलं. कंपनीचा निरोप, दुपारच्या फेऱ्या, लाटेचा विसर म्हणजे काय, जळगावची तारीख. काही गाळलं नाही. मधेच प्रमिलाबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या पुढ्यात आता नुसतं टेबल होतं.

"आज निहूला मी आणलीच नाही," त्या म्हणाल्या. "ते यातलंच?"

"हो, आई."

"तिच्या तोंडावर पीठ होतं. गिरणीत?"

"हो. गिरणीत ठेवून आलात."

प्रमिलाबाईंनी निहिराकडे पाहिलं. ती बापाच्या मांडीवर पेंगुळली होती. त्यांनी तिला हात लावायला हात पुढे केला आणि मधेच आवरला. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"आणि तुम्हाला हे आधी कळलं होतं?"

"कळलं होतं."

"कळूनसुद्धा पोर माझ्या हातात दिलीत?"

नानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझं नाव झाकलंत, वर मला वाटायला लावलंत की तुमचा गुडघा दुखतो. मी रोज तेल गरम करून चोळत होते." त्यांनी पदराला हात पुसले. "हे मी विसरणार नाही. मरेपर्यंत विसरणार नाही मी हे."

हर्षलनं डोळे मिटून घेतले. प्रमिलाबाईंनाही आपण काय बोललो ते उमगलं असावं. त्यांनी सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि ती तेजलवर आणून थांबवली.

"विसरले," त्या म्हणाल्या, "तर तू आठवण करून द्यायची."

तेजलनं त्यांचा हात हातात घेतला. "देईन," ती म्हणाली.